घरात राहून हरवलेला

 

आजचा विषय आहे हरवणं आणि परतणं. ख्रिस्ती श्रद्धेत माणूस देवापासून दुरावतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि तो परततो म्हणजे काय करतो, हे आपण पाहणार आहोत. त्यासाठी आम्ही एकच मजकूर निवडला आहे : लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. बत्तीस वचनांचा अध्याय आहे. त्यातली शेवटची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. दोन मुलगे असलेला बाप, धाकटा घर सोडून जातो, पैसा उडवतो, परत येतो. आपल्याकडे तिला 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणतात.

मजकुराकडे जाण्याआधी एक प्रसंग सांगतो. आम्ही ज्या मंडळीत उपासनेला जात होतो तिथे एका रविवारी एक गृहस्थ शेवटच्या बाकावर येऊन बसले. लहानपणी याच मंडळीच्या रविवारच्या शाळेत शिकलेले. पुढे दारू लागली, कर्ज झालं, घरात भांडणं झाली, आणि दहा-बारा वर्षांत त्यांनी देवळाची पायरी चढली नव्हती. उपासना संपल्यावर आम्ही चार-पाच जण त्यांच्याभोवती जमलो. हात मिळवले. आणि आमच्यातल्या एकानं हसत हसत विचारलं, "काय हो, इतकी वर्षं होतात कुठे?" तेही हसले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. तो प्रश्न ज्यानं विचारला, तो माणूस आज तुमच्यासमोर उभा आहे.

तेव्हा हे व्याख्यान कोणाला शिकवण्यासाठी नाही. हा अध्याय आम्ही इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं वाचत होतो असं आम्हाला वाटतं, आणि ती चूक कुठे होते ते आपण मजकुरात शोधू.

पहिली चूक नावातच आहे. 'उधळ्या पुत्र' हे नाव लूकनं दिलेलं नाही. मूळ ग्रीक मजकुरात गोष्टींना मथळे नाहीत. ते नंतरच्या लोकांनी दिले. 'उधळेपणानं' अशा अर्थाचं एक क्रियाविशेषण तेवढं एका वाक्यात येतं. येशू गोष्टीची सुरुवात करताना म्हणतो की एका माणसाला दोन मुलगे होते. म्हणजे पहिल्याच वाक्यात तीन माणसं आहेत. मथळा देणाऱ्यानं त्यातला एक उचलला आणि दोन बाहेर ठेवले. मथळा एकदा डोक्यात बसला की गोष्ट धाकट्याच्या परतण्यापाशी संपते. मेजवानी सुरू झाली, सगळे आनंदले, आमेन. प्रत्यक्षात गोष्ट तिथे संपतच नाही. पुढे आठ वचनं आहेत, आणि ती थोरल्याची आहेत.

ही गोष्ट कोणाला सांगितली आहे? अध्यायाची पहिली दोन वचनं तेच सांगतात. जकातदार आणि पापी म्हणून ओळखले जाणारे लोक येशूचं ऐकायला जवळ येत होते, आणि परूशी व शास्त्री कुरकुर करत होते की हा असल्यांना जवळ करतो, त्यांच्या पंक्तीला बसतो. या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू बोलतो. म्हणजे श्रोते कोण? जे भटकले ते तिथे आहेतच, पण गोष्टीचा रोख जे कधीच कुठे गेले नाहीत त्यांच्यावर आहे. आपण मात्र हा दाखला नेहमी बाहेरच्यांना वाचून दाखवतो. संजीवन सभांमध्ये, तुरुंगात, व्यसनमुक्तीच्या बैठकीत. तिथे तो वाचावाच. पण पहिल्या बाकावरच्यांना तो वाचून दाखवायला आपण विसरलो.

आता अध्यायाची रचना बघा. आधी दोन लहान गोष्टी आहेत. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, मेंढपाळ ते शोधायला जातो, खांद्यावर घेऊन येतो. एका बाईजवळच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, नाणं सापडेपर्यंत थांबत नाही. दोघंही शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतात. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी येशू सांगतो, की पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल स्वर्गात असाच आनंद होतो.

इथे थांबायला हवं. मेंढरानं कसला पश्चात्ताप केला? आणि नाण्यानं? नाणं तर हललंसुद्धा नाही. ते घरातच होतं, कुठल्या तरी कोपऱ्यात, धुळीत. दोन्ही गोष्टींमध्ये सगळी धावपळ शोधणाऱ्याची आहे, हरवलेल्याच्या वाट्याला फक्त सापडणं आहे. तरी येशू त्याला पश्चात्ताप म्हणतो. मग या शब्दाचा अर्थ आपण जो धरतो तो पुरा पडतो का?

आपला शब्द आहे 'पश्चात्ताप'. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे दाह. मागाहून होणारी जळजळ. शब्द चांगला आहे, पण त्याचं सगळं वजन भावनेवर आहे. किती रडला, किती जळला, यावरून आपण माणसाचा पश्चात्ताप मोजतो. लूकनं वापरलेला ग्रीक शब्द आहे 'मेटानोइया'. त्यात मन पालटण्याचा भाव आहे. आणि त्याच्या मागे इब्री शास्त्रातला जो शब्द उभा आहे, 'शूव', त्याचा साधा अर्थ वळणं, परत येणं. चालता चालता माणूस वळतो, तो शब्द. संदेष्टे इस्राएलाला हाक मारतात ती याच क्रियापदानं. त्यात आधी पाय वळतात. डोळ्यांतलं पाणी येईल तेव्हा येईल. यहुदी परंपरेत यावरूनच 'तेशुवा' ही मोठी संकल्पना वाढली, आणि तल्मूदमध्ये असंही मत नोंदलेलं आहे की परतलेला माणूस ज्या जागी उभा राहतो तिथे पूर्ण नीतिमान माणसालाही उभं राहता येत नाही. परूशी म्हणजे क्षमा न जाणणारे लोक असं आपण सर्रास बोलतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. येशू आपल्या श्रोत्यांना परकं काही सांगत नव्हता. त्यांच्याच घरातली वस्तू त्यांना दाखवत होता.

आता धाकटा. बापाच्या हयातीत तो वाटणी मागतो. केनेथ बेली नावाचे अभ्यासक मध्यपूर्वेत दीर्घकाळ राहिले. तिथल्या खेड्यांतल्या लोकांशी बोलून त्यांनी मांडलं की अशी मागणी म्हणजे बापाच्या मरणाची इच्छा करण्यासारखं होतं, गावानं थुंकावं असा अपमान. हे वाचन प्रवचनांत फार लोकप्रिय झालं. त्यावर आक्षेपही आहेत. विसाव्या शतकातल्या खेड्यावरून पहिल्या शतकातलं घर किती ओळखायचं? अॅमी-जिल लीव्हाइन या यहुदी अभ्यासिकेनं 2014 सालच्या आपल्या पुस्तकात अशा तयार उत्तरांना हरकत घेतली आहे. आम्ही एवढंच म्हणू, की वाटणीचं दुःख समजायला मराठी माणसाला मध्यपूर्वेत जायची गरज नाही. बाप ओसरीवर बसलेला असताना बांध घातले जातात, चुली वेगळ्या होतात, आणि म्हातारा कोणाकडे किती महिने जेवणार याचा हिशेब होतो. आपण ही घरं पाहिली आहेत.

पण एक बारकावा सुटतो. बापानं आपली मालमत्ता 'त्यांना' वाटून दिली असं लूक लिहितो. एकट्या धाकट्याला नाही, दोघांना. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. दोन मुलगे असतील तर तीनातले दोन भाग त्याचे. म्हणजे धाकट्यानं मागितलं आणि थोरल्यालाही मिळालं. त्यानं नको म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. भावाला थांबवल्याचंही नाही. हे पुढे लागेल, लक्षात ठेवा.

धाकटा दूर देशी जातो, सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखतो, आणि डुकरांच्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटू लागतं. तिथे तो भानावर येतो. ग्रीक शब्दयोजना अशी आहे की तो स्वतःकडे आला. आणि मग तो एक भाषण तयार करतो. आपण स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला लायक राहिलो नाही, मला एका चाकरासारखं ठेवा, अशा तीन कलमांचं.

हा खरा पश्चात्ताप आहे की भुकेची हुशारी? टीकाकारांत यावर दोन तट आहेत. त्याला आधी भाकर आठवते, बाप नंतर. चाकरांना पोटभर मिळतं हा त्याचा पहिला विचार. आमचं मत असं, की लूकनं हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला आहे, कारण गोष्टीतला बाप तो विचारत नाही. मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो, आणि त्याच्या मनात काय होतं त्यासाठी लूक जो शब्द वापरतो त्याचं मूळ 'आतडी' या शब्दात आहे. मराठीत आपण म्हणतो ना, लेकरासाठी आतडं तुटतं? अगदी तेच. तो धावतो, गळ्यात पडतो, मुके घेतो. भाषण त्यानंतर. आणि मुलगा भाषण सुरू करतो तेव्हा बहुतेक हस्तलिखितांत तिसरं कलम येतच नाही. चाकर ठेवा, हे वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आत बाप नोकरांना हुकूम सोडतो : झगा आणा, अंगठी घाला, पायांत जोडा घाला, पोसलेलं वासरू कापा.

बापानं नेमकं तेच वाक्य का तोडलं? पाप केलं हे त्यानं बोलू दिलं. लायक नाही हेही बोलू दिलं. चाकर होण्याची बोली मात्र ऐकून घेतली नाही. मुलाला वाटत होतं, नातं तर गेलंच, आता निदान नोकरीवर परत जाऊ, राबू, फेडू. बापाला नोकर नको आहे. त्याच्याकडे नोकर पुष्कळ आहेत.

हे धरून आता थोरल्याकडे या. तो शेतात आहे. संध्याकाळी घराकडे येतो तर वाद्यांचा आणि नाचाचा आवाज. काय चाललंय हे त्याला एका नोकराला विचारावं लागतं. वासरू कापलं, मंडळी जमली, वादक आले, आणि शेतावर राबणाऱ्या थोरल्याला निरोप द्यायचं कोणाला सुचलं नाही. लीव्हाइन यांनी इथे एक मार्मिक गोष्ट दाखवली आहे. शंभर मेंढरांचा मालक मोजतो म्हणून एक कमी आहे हे त्याला कळतं. दहा नाण्यांची बाई मोजते. दोनच मुलगे असलेला बाप मात्र मोजायचं विसरला. हे वाचन आम्हाला पटतं, आणि अडचणीचंही वाटतं, कारण बाप म्हणजे देव असं सरळ समीकरण आपण मांडलेलं असतं. दाखला म्हणजे समीकरण नव्हे, हे यातून शिकावं. थोरल्याचा राग निष्कारण नाही. लूक त्याला खलनायक करत नाही.

पण तो काय बोलतो ते ऐका. तो बापाला 'बाबा' म्हणत नाही. धाकटा डुकरांतून येऊन म्हणाला होता. भावाला 'भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. भावानं कलावंतिणींवर पैसा घालवला असं तो सांगतो. गोष्टीत निवेदकानं हे कुठेच म्हटलेलं नाही. ते तपशील थोरल्यानं स्वतः भरले आहेत. आणि स्वतःबद्दल सांगताना तो गुलामीचं क्रियापद वापरतो : इतकी वर्षं तुमच्या घरी राबलो, एक हुकूम मोडला नाही, मित्रांसोबत खायला एक करडू मिळालं नाही.

ज्याच्या नावावर तीनातले दोन भाग झालेले आहेत, तो एका करडाचा हिशेब मांडतो आहे.

आमच्या मते हा संपूर्ण अध्यायाचा गाभा आहे. दोन्ही भाऊ एकाच जागी हरवले आहेत. धाकट्याला वाटतं, आपण चाकरीची पात्रता उरवली तर घरात जागा मिळेल. थोरल्याला वाटतं, आपण चाकरी केली म्हणून घर आपलं आहे. एकाचा हिशेब बुडीत आहे, दुसऱ्याचा येण्याचा. वही एकच आहे. देवाच्या घराला दोघांनीही कामाचं ठिकाण समजलं. फरक एवढाच, की धाकट्याचं हरवणं गावाला दिसलं आणि थोरल्याचं कोणाला दिसलं नाही, त्याला स्वतःलाही नाही. तो घरातल्या नाण्यासारखा आहे. घरातच पडलेला, आणि हरवलेला.

या थोरल्याचं चित्रकलेत जे वाचन झालं आहे तेही पाहू. रेम्ब्राँचं मोठं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटचं. तो 1669 मध्ये वारला. तारुण्यात, 1635 च्या सुमारास, त्यानं स्वतःलाच दारूच्या पेल्यासह उधळ्या पुत्राच्या रूपात रंगवलं होतं. ते चित्र ड्रेस्डेनला आहे. दोन चित्रांच्या मध्ये बायको सास्किया गेली, 1656 मध्ये दिवाळं निघालं, 1668 मध्ये मुलगा टायटस गेला. शेवटच्या चित्रात धाकट्याचं डोकं भादरलेलं आहे, एक पाऊल उघडं पडलं आहे, तोंड जवळजवळ दिसतच नाही. बापाचे दोन हात त्याच्या पाठीवर. आणि उजवीकडे लाल झगा घातलेला एक उंच माणूस ताठ उभा आहे, हात पुढे घट्ट धरलेले. बहुतेक जाणकार त्याला थोरला भाऊ मानतात. चित्रकारानं इथे मजकूर मोडला आहे. लूकच्या गोष्टीत थोरला त्या क्षणी शेतात असतो. रेम्ब्राँनं त्याला भेटीचा साक्षीदार केलं. त्याच्या चेहऱ्यावर तोच उजेड पडला आहे जो बापाच्या चेहऱ्यावर आहे, पण दोघांमधलं अंतर तसंच आहे.

डच धर्मगुरू हेन्री नाउवेन यांनी या चित्रावर पुस्तक लिहिलं, 1992 साली. आधी ते स्वतःला धाकट्याच्या जागी पाहत होते. मग एका मित्रानं सुचवलं की तुम्ही थोरले तर नाही? आणि त्यांना ते नाकारता येईना. आयुष्यभर आज्ञाधारक राहिलेला धर्मगुरू. पुस्तकाचा शेवट मात्र बाप होण्याच्या हाकेपाशी आहे. आमची अल्पशी तक्रार अशी, की थोरल्यापाशी अजून थांबायला हवं होतं. बाप होण्याची घाई थोरल्यांना नेहमीच असते.

आता आपल्या जवळच्या एका उदाहरणाकडे येऊ, कारण घरात राहून हरवण्याची सगळ्यात प्रामाणिक नोंद आम्हाला एका मराठी बाईच्या लेखनात सापडते. पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी काय काय केलं ते आपण जाणतो. अमेरिकेचा दौरा, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे पुणे, पुढे केडगावचं मुक्ती मिशन. बाहेरून पाहिलं तर बाप्तिस्म्याच्या दिवशीच त्यांचा शोध संपला. पण 1907 मध्ये त्यांनी इंग्रजीत जी आपली साक्ष प्रसिद्ध केली, तिच्यात त्या वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता, अशा आशयाचं त्या लिहितात. सिद्धान्त पटले होते, शास्त्र वाचलं होतं, सेवा चालू होती. तरी जीव रिकामा होता. आणि यात कोणाचा दोष नव्हता हेही त्या स्पष्ट करतात.

त्या काळात त्यांच्या हाती एक पुस्तक आलं, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन. हॅस्लम यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे. 1851 साली कॉर्नवॉलमधल्या आपल्याच देवळात, आपल्याच व्यासपीठावर, प्रवचन देता देता त्यांना उमगलं की आपण ज्याच्याबद्दल बोलतो आहोत त्याला आपण ओळखतच नाही. आणि तिथेच ते पालटले. ऐकणाऱ्यांतला कोणीतरी ओरडला की आपल्या पाळकाचंच परिवर्तन झालं! व्यासपीठावर उभा असलेला माणूस हरवलेला असू शकतो, याहून मोठा दाखला कोणता हवा? रमाबाईंना या पुस्तकानं हलवलं यात नवल नाही. दोघांचंही परतणं दूर देशातून नव्हतं. शेतातून घरात, एवढंच अंतर होतं. पण ते अंतर कापायला रमाबाईंना आठ वर्षं लागली.

आणि हे लिहायला धैर्य लागतं. धाकट्याची साक्ष देणं एका अर्थी सोपं असतं. मी असा होतो, असा झालो. लोक टाळ्या देतात. मी तुमच्यातच होतो, तुमच्यापुढे उभा राहून बोलत होतो, आणि आत कोणी नव्हतं, ही साक्ष आपल्या मंडळ्यांत किती वेळा ऐकायला मिळते?

आता आक्षेप घेऊ, कारण आक्षेप खरा आहे. तुम्ही म्हणाल, बापानं धावत जायचं, वासरू कापायचं, एक प्रश्न विचारायचा नाही. मग ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय? दारुड्या नवरा परतला की बायकोनं दार उघडायचं आणि मागचं विसरायचं? हा दाखला सांगून कितीतरी बायकांना गप्प बसवलं गेलं आहे, हे आपण मान्य करायला हवं. बॉनहोफर या जर्मन पाळकानं 1937 मध्ये 'स्वस्त कृपे'बद्दल इशारा दिला होता, तो इथे लागू आहे.

मजकूर काय सांगतो? बाप थोरल्याला सांगतो की जे माझं आहे ते सगळं तुझं आहे. म्हणजे वाटणी पुन्हा झालेली नाही. धाकट्यानं घालवलेलं गेलं ते गेलं; थोरल्याच्या वाट्यातून काढून त्याला दिलेलं नाही. झगा, अंगठी, जोडा आणि एका रात्रीचं जेवण मिळालं आहे. नातं परत मिळालं, नुकसानीचा हिशेब खोडलेला नाही. आणि स्वीकार ज्यानं केला तो बाप आहे, ज्याचा अपमान झाला तोच. दुसऱ्या कोणी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही. म्हणून आमच्या मते या दाखल्याच्या जोरावर दुसऱ्याच्या वतीनं क्षमा वाटता येत नाही. मंडळी म्हणून आपल्याला येतं ते एवढंच : दारातल्या माणसाला आत घ्यायचं, आणि ज्याला इजा झाली त्यालाही एकटं टाकायचं नाही. बाप त्या संध्याकाळी दोनदा बाहेर पडला. एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. ग्रीक क्रियापदाचं रूप असं आहे की तो थोरल्याची विनवणी करत राहिला. तो रागावून बसलेल्याला सोडून मेजवानीत परत गेला असं लूक लिहीत नाही.

आणखी एक चुकीचं वाचन इतिहासात झालं आहे, त्याचाही उल्लेख करायला हवा. जुन्या काळच्या अनेक ख्रिस्ती भाष्यकारांनी थोरला म्हणजे यहुदी लोक आणि धाकटा म्हणजे इतर राष्ट्रांतले ख्रिस्ती, असा अर्थ लावला. तसं वाचलं की ख्रिस्ती माणूस सुटतो. मेजवानी आपली, कुरकुर त्यांची. यहुद्यांकडे तिरस्कारानं पाहण्याच्या दीर्घ परंपरेला अशा वाचनांनी हातभार लावला. आणि गंमत बघा, भावाला 'हा तुमचा मुलगा' म्हणून दूर ढकलणं, हे तर थोरल्याचंच वागणं झालं! दाखला दुसऱ्यावर रोखला की आपण आपोआप थोरले होतो.

स्तोत्रसंहितेतलं 119 वं स्तोत्र तुम्हाला माहीत आहे. सगळ्यात लांब, 176 वचनांचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत नियमशास्त्राची आवड, आज्ञा पाळण्याची धडपड. थोरल्या मुलानं लिहावं असं स्तोत्र. पण त्याचं अगदी शेवटचं वचन काय आहे? कवी सांगतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, आणि देवाला विनवतो की तूच मला शोध. आज्ञा विसरलेलो नाही, हेही तो त्याच वचनात म्हणतो. म्हणजे आज्ञा लक्षात असतात आणि माणूस हरवलेला असतो, दोन्ही एकाच वेळी. थोरल्याला परतायची वाट हवी असेल तर ती या वचनात आहे. त्यानं गुन्हा शोधत बसायचं नाही, दूर देशी जाऊन यायचं नाही. आपण हरवलो आहोत हे त्याला दिसलं, तरी पाय वळलेच.

दाखला कसा संपतो? बाप शेवटचं वाक्य बोलतो. थोरल्यानं 'हा तुमचा मुलगा' म्हटलं होतं, बाप ते हळूच दुरुस्त करतो : 'हा तुझा भाऊ'. आणि गोष्ट थांबते. थोरला आत गेला का? लूक सांगत नाही. धाकट्याचं परतणं पूर्ण झालं आहे, थोरल्याचं बाकी आहे. तो दारात उभा आहे, आत वाद्यं वाजत आहेत, बाप त्याच्याजवळ आहे. कुरकुर करणाऱ्या श्रोत्यांसमोर येशूनं गोष्ट इथे सोडली, कारण पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं होतं.

आमच्याबाबत ते वाक्य होतं, "इतकी वर्षं होतात कुठे?" आज मागे वळून पाहिलं तर कळतं, तो प्रश्न काळजीचा नव्हता. त्यात हिशेब होता. आम्ही इथे होतो, दर रविवारी, वर्गणी भरत होतो, बाक पुसत होतो. तुम्ही कुठे होतात? पुढे आम्ही त्यांचा पत्ता काढून घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. ते घरी नव्हते. त्या माउलीनं चहा दिला, आणि म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी उठून स्वतः शर्टाला इस्त्री केली होती त्यांनी."

आम्ही काय बोलणार? चहा प्यालो. त्यांच्यासाठी निरोप ठेवला, की पुढच्या रविवारी आम्ही शेवटच्या बाकावर बसू, शेजारची जागा मोकळी असेल. त्यानंतर किती तरी रविवार आम्ही तिथे बसलो. ते आले की नाही हे आम्ही आज सांगणार नाही. पण एक गोष्ट त्या बाकावर बसून कळली. तिथून वेदी लांब दिसते, आणि दार जवळ असतं. आत कोण येतं ते आधी दिसतं.

इथे थांबतो.